जुन्या आल्फा रोमिओचा जन्मदाखला: आरेझेच्या अर्काइव्हमधून मागवलेल्या सर्टिफिकेटचा माझा अनुभव

गाडी लाल होती. विकणारा म्हणाला, जन्मापासून लालच आहे, जर्मनीत नवीन विकली गेलेली गाडी आहे, इंजिनही तिचंच आहे. मी विश्वास ठेवला. समोर आल्फा रोमिओ जीटी १३०० ज्युनियर उभी होती, १९६९ ची, बॉनेटच्या पुढच्या कडेला ती छोटी पायरी असलेली, जिला इटालियन लोक स्कालिनो म्हणतात, आणि मी हॉलंडमधल्या आइंडहोवनला आल्यापासून जवळजवळ दरवर्षी या एका गाडीसाठी पैसे बाजूला काढत आलो होतो. आज दीड वर्षाने इटलीतल्या आरेझेहून, कंपनीच्या अर्काइव्हमधून, आलेला एक कागद हातात आहे आणि त्या तीन वाक्यांपैकी दोन साफ खोटी निघाली आहेत, तिसरं अर्धवट खरं.

हा रिव्ह्यू त्या कागदाचा आहे. गाडीचा नाही, विकणाऱ्याचाही नाही. आपल्याकडे आता बरीच मराठी मंडळी युरोपात जुन्या इटालियन गाड्या घेतायत, ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी विचारतं की सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन मागवावं का, त्यात नक्की काय मिळतं, पैसे वाया जातात का. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी हे नीट समजून घ्या की कंपनीकडून दोन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात आणि लोक त्यात कायम गोंधळ करतात. आल्फा रोमिओ आज स्टेलान्टिस ग्रुपमध्ये आहे आणि ग्रुपचा हेरिटेज विभाग आल्फा, फियाट, लान्चिया आणि अबार्थ या चारही नावांच्या जुन्या गाड्यांचं काम बघतो. त्यातली पहिली गोष्ट म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे सरळ सरळ जन्मदाखला. तुम्ही चासी नंबर देता, ते अर्काइव्हमधल्या नोंदी उघडतात आणि त्या नंबरची गाडी कुठल्या मॉडेलची, कधी बनली, कधी विकली गेली, कुठे गेली, रंग कुठला होता हे लिहून देतात. दुसरी गोष्ट म्हणजे ऑथेंटिसिटीचं सर्टिफिकेशन, त्यात त्यांची माणसं प्रत्यक्ष गाडी तपासतात. ते वेगळं काम आहे, वेगळा खर्च आहे. मी फक्त पहिलं मागवलं आणि मी जे काही सांगतोय ते पहिल्याबद्दलच.

यात एक बारीक मेख आहे. जन्मदाखला हा नंबरचा असतो, गाडीचा नाही. तुमच्या गॅरेजमधली गाडी म्हणजे तोच नंबर घेऊन कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी, हे तो कागद सांगत नाही, सांगूही शकत नाही, कारण लिहिणाऱ्याने तुमची गाडी पाहिलेलीच नाही. ते जुळवण्याचं काम आपलं. मला हे कळायला थोडा वेळ लागला आणि एकदा कळल्यावर खरी मजा तिथूनच सुरू झाली.

आता कारखान्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय कागदावरच्या ओळींचा अर्थ लागत नाही. आल्फाचा जन्म १९१० चा, मिलानमधल्या पोर्तेल्लोच्या कारखान्यात. जुलिएत्ता या आधीच्या मॉडेलच्या काळापर्यंत सगळा कारभार तिथेच होता, मग जागा पुरेना म्हणून शहराच्या वायव्येला आरेझेला नवीन मोठा कारखाना उभा केला, आणि तिथून बाहेर पडलेली पहिली गाडी म्हणजे १९६३ ची जुलिया स्प्रिंट जीटी, म्हणजे माझ्या गाडीची थोरली बहीणच. डिझाइन बर्तोनेचं, म्हणजे गाड्यांच्या बॉड्या डिझाइन करणाऱ्या आणि बनवणाऱ्या तुरीनच्या कंपनीचं, आणि बर्तोनेकडे तेव्हा ज्या मुलाने ती रेखाटली तो जॉर्जेत्तो जुजारो, विशीतला पोरगा. माझी ज्युनियर त्याच बॉडीत १२९० सीसीचं छोटं इंजिन टाकून १९६६ च्या सप्टेंबरमध्ये आली, ८९ हॉर्सपॉवर, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि १७० च्या वर पळायची. १३०० सीसीच्या गाडीला त्या काळात डबल ओव्हरहेड कॅम आणि पाच गिअर म्हणजे काय चीज होती याची कल्पना करा.

यात एक गंमत आहे जी जन्मगाव शोधणाऱ्याला माहीत हवीच. या गाडीच्या पुढच्या फेंडरवर एक छोटा बॅज असतो, त्यावर लिहिलेलं असतं दिसेन्यो दी बर्तोने. दिसेन्यो म्हणजे डिझाइन. लोक तो बॅज बघून म्हणतात की बॉडी बर्तोनेने तुरीनमध्ये बनवली. तसं नाहीये. आधीच्या जुलिएत्ता स्प्रिंटच्या बॉड्या खरोखर बर्तोनेकडे बनायच्या, जुलिएत्ता स्पायडरच्या पिनिन फारिनाकडे, म्हणजे गाडीचं अर्धं अंग तुरीनचं आणि अर्धं मिलानचं, आणि बॉडीवाल्याचा स्वतःचा वेगळा नंबर. पण जीटीची बॉडी आल्फाने स्वतःच्याच कारखान्यात आरेझेला बनवली, बर्तोनेचं फक्त डिझाइन. इथल्या क्लबातल्या एका काकांकडे जुलिएत्ता स्पायडर आहे, त्यांच्या ट्रिमच्या मागच्या बाजूला हाताने लिहिलेला बॉडी नंबर अजून दिसतो, त्यांना आपली गाडी दोन्ही नंबरांवरून ताडून बघता येते. माझ्याकडे ती सोय नाही. मला चासी नंबर, रंग आणि डोळे एवढंच.

अर्ज ऑनलाइन होतो. पण अर्ज करायच्या आधी एक दिवस गाडीसोबत घालवा, हे माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे. नंबर रजिस्ट्रेशनच्या कागदावरून उतरवू नका, गाडीवरून उतरवा. या गाड्यांचा नंबर इंजिनाच्या मागे फायरवॉलवर ठोकलेला असतो, आधी एआर ही अक्षरं आणि मग आकडे, आणि टाइप नंबरही. माझ्या गाडीचा टाइप १०५.३०, म्हणजे डाव्या स्टिअरिंगची ज्युनियर, उजव्या स्टिअरिंगला १०५.३१. मी नंबरवर पातळ कागद धरला आणि मऊ पेन्सिल आडवी घासली, लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो तसं. फोटोपेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण आकड्यांच्या कडा, खोली, रांग सरळ आहे की नाही, सगळं कागदावर उतरतं. कोणी पत्रा कापून दुसऱ्या गाडीचा नंबर वेल्ड केला असेल तर आजूबाजूच्या पत्र्यात फुगवटा नाहीतर घासल्याच्या खुणा दिसतात. मी बोटाने चाचपून पाहिलं, मागच्या बाजूनेही टॉर्च मारून पाहिलं. पत्रा अखंड होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

शेजारीच अॅल्युमिनियमची पाटी असते, रिव्हेटने बसवलेली. तिच्यावर फार विसंबू नका, पाट्या नवीन बनवून मिळतात. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाचं एक स्टिकर असायचं, ते माझ्या गाडीत नव्हतंच. रंग बदलताना बहुतेक गाड्यांचं ते जातंच. ते नाहीये हाच खरंतर मला मिळालेला पहिला इशारा होता, पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मग वाट बघायची. घाईचं काम असेल, उद्या लिलावाला गाडी लावायची असेल, तर हे तुमच्यासाठी नाही. मला घाई नव्हती.

कागद आला. छान जाड कागद, वाचायला सोपा, आणि मजकूर किती थोडका! मॉडेल जीटी १३०० ज्युनियर, चासी नंबर माझाच, बनल्याची तारीख १९६९ च्या मे महिन्यातली, विकल्याची तारीख जूनमधली, ठिकाण जेनोव्हा, इटली. आणि रंग, ब्लू ओलांदेझे.

मी तो शब्द चार वेळा वाचला. ब्लू ओलांदेझे म्हणजे डच निळा. हॉलंडचा निळा. मी हॉलंडमध्ये बसून एका इटालियन गाडीच्या जन्मदाखल्यावर हे वाचतोय आणि खाली गॅरेजमध्ये लालभडक गाडी उभी आहे. आणि जर्मनी कुठेच नाही. गाडी समुद्रकाठच्या जेनोव्हाला विकली गेली होती.

इथे एक गोष्ट सांगतो जी बरेच जण चुकवतात. कागदावर बनल्याची तारीख असते आणि विकल्याची तारीख असते, पण विकल्याची तारीख म्हणजे पहिल्या मालकाच्या नावावर रजिस्टर झाल्याची तारीख नव्हे. कारखान्याने गाडी कुठल्या तरी डीलरकडे सोडली, मग ती शोरूमला उभी राहिली, मग कोणीतरी घेतली, मग नंबर मिळाला. तीन वेगळ्या तारखा. गाडी १९६९ ची पण रजिस्ट्रेशन १९७० चं असं दिसलं तर लगेच घोटाळा समजू नका. माझ्या डच कागदांवर पहिल्या रजिस्ट्रेशनची जी तारीख आहे तिच्यात आणि कारखान्याच्या तारखेत काही महिन्यांचं अंतर आहे आणि ते अगदी नैसर्गिक आहे.

आता प्रश्न उरला की कागद निळं म्हणतोय, गाडी लाल आहे, मग नंबर खरा की गाडी खरी. इथे बाबा आले. माझे बाबा कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये पेंट शॉपला होते, फियाट ११०० आणि मग पद्मिनी, ते रिटायर होईपर्यंत दुसरीकडे कुठे गेले नाहीत. इटालियन गाडी हा शब्द आमच्या घरात परका कधी नव्हताच, आमच्याकडे काळी-पिवळी टॅक्सी बघून बाबा सांगायचे की हिला कुठल्या वर्षी बाहेर काढली असेल. व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली तर पहिलं वाक्य, "दरवाज्याचा ट्रिम काढ. रंग बदलणारा माणूस बाहेरून राजा असतो, आतून आळशी."

ट्रिम काढला. आतही लाल. बाबा म्हणाले, चांगल्या माणसाने केलंय काम, मग अजून आत जा, मागच्या सीटच्या बाजूचा पॅनेल काढ, तिथे गन वाकडी करून न्यावी लागते, तिथे कोणी जात नाही. मी काढला. वरच्या भागावर लाल रंगाचा फवारा उडालेला, धुरळ्यासारखा, आणि खाली जिथे पत्रा आत वळतो त्या खोबणीत, पन्नास वर्षांच्या धुळीखाली, निळा. मी ओल्या फडक्याने पुसला. गडद निळा, शाईसारखा, थोडा मऊ पडलेला. फोन पुढे धरला. बाबा काही बोलले नाहीत थोडा वेळ. मग म्हणाले, "आता डिकीत ये. वॉटर पेपर आहे ना तुझ्याकडे?"

डिकीत, गालिच्याखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी, त्यांनी मला रुपयाएवढी जागा घासायला लावली. आधी ४०० नंबर, पाणी सोडत, एका जागी दाब न देता गोल गोल, मग ८००, मग १५००. अर्धा तास लागला. मधे पत्रा उघडा पडला आणि त्याच्याभोवती एकेक थर वर्तुळासारखा उमटत गेला, कांदा आडवा कापल्यावर दिसतात तसा. सगळ्यात आत चकचकीत पत्रा, मग कारखान्याचा प्रायमर पातळ आणि एकसारखा, मग निळा, मग राखाडी सरफेसर म्हणजे नव्या रंगाआधी मारतात तो थर, मग पांढरा, मग परत सरफेसर जाडसर, आणि सगळ्यात बाहेर लाल. म्हणजे गाडी निळी जन्मली, मग कधीतरी पांढरी झाली, आणि मग लाल. बाबांनी मला निळ्याच्या थराची जाडी नीट बघायला सांगितली. कारखान्याचा थर सगळीकडे सारखा असतो, गॅरेजवाल्याचा कुठे जाड कुठे पातळ, आणि निळ्याखाली लांबी म्हणजे पुट्टी कुठेही नाही, सरळ पत्र्यावर प्रायमर, म्हणजे तो पहिलाच रंग. "हा कारखान्याचा आहे," ते म्हणाले, "यावर मी सही करतो."

मी हे एवढं लांबवून लिहितोय कारण माझ्या मते सर्टिफिकेटची खरी किंमत इथे आहे. कागदावर फक्त दोन शब्द होते, ब्लू ओलांदेझे. ते नसते तर मी कधीच सीटमागचा पॅनेल उघडला नसता. आणि पॅनेलमागे निळा सापडला नसता तर ते दोन शब्द नुसते शब्द राहिले असते. कागदाने दिशा दिली आणि पत्र्याने साक्ष दिली, दोघं जुळले तेव्हा कुठे मी म्हणू शकलो की ही तीच गाडी.

इंजिनाचं बघू. या कागदावर इंजिनाचा नंबर येईल असं धरून चालू नका, माझ्यावर नव्हता. पण या गाड्यांच्या इंजिनावर नंबराआधी टाइपचा कोड असतो आणि तो खूप काही सांगतो. १३०० ज्युनियरला एआर००५३०, १७५० ला एआर००५४८, २००० ला एआर००५१२. ज्युनियरमध्ये पुढे दोन लिटरचं इंजिन टाकणं हा अगदी सर्रास प्रकार आहे, ताकद वाढते, बसतंही सहज, आणि विकताना बरेच जण त्याचा उल्लेख करत नाहीत. माझ्या ब्लॉकवर एआर००५३० आहे. म्हणजे इंजिन योग्य जातीचं आहे. पण याच गाडीत जन्माला आलेलं आहे का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि विकणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं, तरी त्याने सांगितलं. म्हणून वर अर्धवट खरं म्हटलं.

असंच बॅजचं. आल्फाचा गोल बॅज सगळ्यांना माहीत आहे, एका बाजूला मिलान शहराचा लाल क्रॉस, दुसऱ्या बाजूला विस्कोन्ती घराण्याचा साप, बिशोने. जुन्या बॅजवर खाली मिलानो असं लिहिलेलं असायचं. मग नेपल्सजवळ पोमिल्यानो दार्कोला आल्फासूद या नवीन मॉडेलसाठी कारखाना झाला, कंपनी एका शहराची राहिली नाही, तेव्हा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मिलानो हा शब्द बॅजवरून गेला. माझ्या गाडीच्या नाकावर मिलानो नव्हतं. १९६९ च्या गाडीवर असायला हवं. म्हणजे बॅज नंतर कधीतरी बदललेला. छोटी गोष्ट आहे, पण जन्मदाखल्यावरची तारीख समोर ठेवून गाडीभोवती एक फेरी मारली की अशा गोष्टी आपोआप दिसायला लागतात. मी जुना बॅज शोधला, इनॅमल एका कडेला उडालेला आहे, तसाच लावला.

पुढची पायरी मालकांची साखळी. आपल्याकडे जमिनीचा सातबारा काढतो, फेरफार बघतो, तसंच इटलीत गाड्यांचं आहे. पुब्लिको रेजिस्त्रो आउतोमोबिलिस्तिको, सगळे पीआरए म्हणतात, १९२७ पासून चालत आलेलं रजिस्टर, आणि इटालियन नंबरप्लेट हाताशी असेल तर तिच्यावरून एस्त्रात्तो क्रोनोलॉजिको नावाचा उतारा काढता येतो, त्यात एकामागून एक मालक आणि तारखा. ज्यांच्या गाडीला अजून जुन्या काळ्या प्लेट आहेत किंवा जुना लिब्रेत्तो म्हणजे गाडीचं पुस्तक आहे त्यांनी हे नक्की करावं, जन्मदाखला आणि हा उतारा शेजारी ठेवले की गाडीचं अख्खं आयुष्य समोर येतं. माझी गाडी इटलीतून बाहेर पडताना प्लेट गेली, पुस्तक गेलं. माझ्याकडे जेनोव्हा एवढाच शब्द आहे आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर ऑइल बदलल्याच्या एका स्टिकरचा तुकडा, त्यावर शेवटची तीन अक्षरं वाचता येतात, ओव्हा. जेनोव्हा, पादोव्हा, काहीही असू शकतं. पण मी रोज दार उघडताना ते बघतो.

आरेझेला मी जाऊनही आलो. सर्टिफिकेटसाठी जायची गरज नाही, पण मला ती जागा बघायची होती. कारखाना आता नाही, उत्पादन केव्हाच थांबलं, बऱ्याच इमारती पाडल्या आणि त्या जमिनीवर मोठा मॉल झालाय. म्युझियम मात्र आहे, १९७६ मध्ये सुरू झालेलं, मधे काही वर्षं बंद होतं, २०१५ मध्ये २४ जूनला म्हणजे कंपनीच्या वाढदिवशीच परत उघडलं. अर्काइव्हही इथलंच, १९१० पासूनची कागदपत्रं, ड्रॉइंग, फोटो. म्युझियममध्ये ३३ स्त्रादाले आहे, दिस्को व्होलांते आहे, रेसिंगच्या आल्फेत्ता आहेत, ते सगळं बघा, दोन-तीन तास सहज जातात. मी मात्र स्टेप-नोज म्हणजे स्कालिनोवाल्या जीटीसमोर बराच वेळ थांबलो. बाहेर पार्किंगमध्ये उभं राहून विचार करत होतो की १९६९ च्या मेमध्ये माझी गाडी इथल्याच कुठल्या तरी दारातून निळी कोरी बाहेर पडली असेल.

बाकी कंपन्यांबद्दल दोन शब्द, कारण विचारणारे विचारतातच. फेरारीचा क्लासिके विभाग आहे, तो गाडी प्रत्यक्ष तपासून जुन्या नोंदींशी ताडून पाहतो, तो खर्च आणि तो पसारा वेगळ्याच पातळीचा. जुन्या फेरारींमध्ये रस्त्यावरच्या गाड्यांना विषम आणि रेसिंगच्यांना सम चासी नंबर असायचे, डिनो या मॉडेलला मात्र सम, हे माहीत असलं तर एखादी जाहिरात वाचतानाच शंका येऊ शकते. लॅम्बोर्गिनीचं पोलो स्तोरिको आहे सांताआगाताला, ३५० जीटीपासूनच्या जुन्या गाड्यांसाठी. पण माझा हात फक्त आल्फाला लागलाय, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही.

कोणाला हे सर्टिफिकेट हवंच? जीटीए घेणाऱ्याला तर त्याशिवाय पाऊल टाकू नका असं सांगेन. १९६५ ची जीटीए म्हणजे अॅल्युमिनियमचे पॅनेल लावून हलकी केलेली रेसिंगची गाडी, बाहेरून दिसायला साध्या जीटीसारखीच, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. साध्या ज्युनियरला तसं रूप देऊन उभ्या केलेल्या गाड्या ढीगभर आहेत. खिशात लोहचुंबक ठेवा, अॅल्युमिनियमला चिकटत नाही, पण फक्त चुंबकावर जाऊ नका, चासी नंबर कारखान्याच्या वहीत काय म्हणून लिहिलाय ते बघा. साधी ज्युनियर घेणाऱ्यानेही सौदा पक्का करायच्या आधी मागवावं. मी सौद्यानंतर मागवलं. आधी मागवलं असतं तर रंग बदललेल्या गाडीच्या हिशोबाने किंमत ठरली असती, विकणाऱ्याशी त्या कागदावर बोट ठेवून बोलता आलं असतं. नंतर फोन केला तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आणि विकणारा म्हणाला की सर्टिफिकेटची काय गरज, सगळं खरंच आहे, तर तिथेच थांबा. ज्याची गाडी सच्ची आहे तो स्वतःच कागद पुढे करतो.

पाचपैकी साडेचार स्टार देतो. अर्धा कापला तो एवढ्याचसाठी की कागदावर स्वच्छ अक्षरात, ठळकपणे लिहायला हवं की हा नोंदीचा दाखला आहे, समोरच्या गाडीची हमी नाही. नवीन माणूस हे फ्रेम करून भिंतीवर लावतो आणि समजतो की गाडी सिद्ध झाली. बाकी मजकुराला मी पूर्ण मार्क देतो, त्यांनी जे लिहिलं त्यातला प्रत्येक शब्द माझ्या पत्र्यावर खरा उतरला.

रंगाचं काय करणार हे सगळे विचारतायत. लाल काढणार. निळी करणार, कारखान्याचा निळा, आणि नमुना म्हणून सीटमागच्या खोबणीतला रंगच वापरायचा आहे, पुस्तकातली चकती नाही, कारण ऊन न लागलेला तेवढाच एक तुकडा शिल्लक आहे. बाबांचं एप्रिलमध्ये इकडे यायचं ठरलंय. इथल्या पेंटरशी माझं बोलणं झालंय की रंग मिसळताना आमचे बाबा शेजारी उभे राहतील, तो हो म्हणाला. डिकीतला तो रुपयाएवढा गोल मात्र भरायचा नाही असं बाबांनी बजावलंय, त्यावर नुसता क्लिअर म्हणजे पारदर्शक थर मारायचा.